आधी उजेड, मग मापं, वस्तू शेवटी : पहिल्यांदाच घर लावणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा घर लावायला घेतलं की बहुतेक जण सोफ्यापासून सुरुवात करतात. एखादा सोफा आवडतो, तो घेतला जातो. मग त्याला शोभेल असा रंग भिंतीला, त्या रंगाला साजेसे पडदे, आणि सगळं झाल्यावर छतावर एखादा दिवा. घराचं दिसणं ज्याच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं तो उजेड अशा रीतीने शेवटी उरतो, आणि जे केव्हाही हलवता, बदलता, विकता येतं ते फर्निचर सगळ्यात आधी येऊन बसतं. माझा आग्रह हा क्रम उलटा करण्याचा आहे. जे नंतर बदलणं अवघड, ते आधी ठरवायचं. खिडक्या, वायरी, नळ आणि फरशी पहिल्यांदा. भिंतीचे रंग त्यानंतर. आणि वस्तू अगदी शेवटी. खालच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने आहेत. घर स्वतःचं असो की भाड्याचं, मोठं असो की एका खोलीचं, पायऱ्या त्याच. भाड्याच्या घरात मधल्या दोन-तीन गाळाव्या लागतील एवढंच.

पायरी १ : काहीही न घेता घरात वावरा

शक्य असेल तर नव्या घरात थोडे दिवस अगदी मोजक्या सामानावर राहा. राहणं शक्य नसेल तर निदान तीन वेगवेगळ्या वेळी तिथे जाऊन नुसतं बसा : सकाळी, भर दुपारी आणि अंधार पडल्यावर. हातात वही असू द्या.

पहिली नोंद उजेडाची करा. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारनंतर ती खोली मंद होते. पश्चिमेची खिडकी दुपारनंतर तापते, आणि तिथून येणारं ऊन तिरपं असल्यामुळे थेट डोळ्यांत शिरतं. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतला उजेड दिवसभर साधारण सारखा, थंड आणि सावल्यांशिवायचा असतो, म्हणून चित्रकारांना तो आवडतो. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात ऊन खूप आतपर्यंत आणते, कारण तेव्हा सूर्य खालून जातो. दक्षिण गोलार्धात या दोन दिशांची अदलाबदल करा.

उजेड खोलीत किती आत पोचतो याचा एक ढोबळ हिशोब आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितक्या उंचीवर असेल त्याच्या दीड ते दोन पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड उपयोगी पडतो. कड २.१ मीटरवर असेल तर साधारण तीन ते चार मीटर. त्याच्या पलीकडे दिवसाही दिवा लागणार हे धरून चला. यातून आणखी एक गोष्ट निघते. खोलीच्या आतल्या भागाला उजेड देणारा भाग हा खिडकीचा वरचा भाग असतो. जाड झालर, खाली उतरवलेलं खोटं छत किंवा खिडकीच्या वरच्या पट्टीवर लटकणारा पडदा यांनी नेमका तोच झाकला जातो.

दुसरी नोंद माणसांची. घरात शिरल्यावर पिशवी, किल्ल्या, ओली छत्री कुठे ठेवली जाते? चपला कुठे निघतात? फोन चार्जिंगला लावायला तुम्ही कुठे जाता? पुस्तक घेऊन कोणत्या कोपऱ्यात बसावंसं वाटतं? घर ठरवण्यासाठी ही उत्तरं कुठल्याही सुंदर फोटोपेक्षा जास्त कामाची आहेत. ज्या जागी वस्तू आपोआप येऊन पडतात तिथेच त्यांच्यासाठी खण, हूक किंवा टोपली करावी. दाराशी पडणाऱ्या पिशवीसाठी आतल्या खोलीत कपाट केलं तर पिशवी दाराशीच पडत राहते.

तिसरी नोंद आवाजाची. खोलीत एकदा जोरात टाळी वाजवा. आवाज घुमत असेल तर त्या खोलीला कापड लागणार आहे : पडदे, गालिचा, गाद्या, भरलेली पुस्तकांची मांडणी. काच, फरशी आणि उघड्या भिंती एवढंच असलेल्या खोलीत चार माणसं बोलायला लागली की थकायला होतं, आणि का थकलो ते कळत नाही.

पायरी २ : मापं घ्या, आणि कागदावर उतरवा

पाच मीटरची स्टीलची टेप, आलेखाचा कागद, पेन्सिल. मोठ्या खोलीसाठी १:५० हे प्रमाण सोयीचं, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर हा खोलीतला एक मीटर. स्वयंपाकघर किंवा बाथरूम १:२० वर काढा, तिथे बारीक मापांना किंमत असते.

लांबी-रुंदी सगळेच घेतात. सुटतं ते पुढचं : दार कोणत्या बाजूला आणि किती उघडतं, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती वर आहे, तुळई कुठे खाली उतरते, स्विचबोर्ड आणि सॉकेट नेमके कुठे आहेत, भिंतीच्या तळाची पट्टी किती जाड आहे. खोलीचे दोन्ही कर्णही मोजा. चौकोनी खोलीचे कर्ण सारखे यायला हवेत. फरक आला तर कोपरे काटकोनात नाहीत, आणि भिंतीला चिकटून बसवायचं कपाट एका टोकाला फट दाखवणार हे आधीच कळतं. भिंत सरळ नसते, म्हणून भिंतीत बसवायच्या कपाटासाठी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या आणि सगळ्यात कमी भरेल ती धरा.

मग घराबाहेर या आणि सामान आत येण्याची वाट मोजा : मुख्य दार, जिन्याचं वळण, लिफ्टची रुंदी आणि खोली. दिवाणखान्यात छान बसणारा तीन जणांचा सोफा जिन्याच्या वळणावर अडकतो, आणि तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

फर्निचरचे तुकडे त्याच प्रमाणात जाड कागदातून कापा आणि नकाशावर सरकवून पाहा. जी मांडणी आवडेल ती खऱ्या जमिनीवर चिकटपट्टीने आखा किंवा जुन्या वर्तमानपत्रांनी झाका, आणि दिवसभर तिला वळसा घालत घरात फिरा. संगणकावर किंवा फोनवर त्रिमितीय चित्रं काढून देणारी साधनं चांगली आहेत, पण त्यांत खोली नेहमी थोडी मोठी वाटते. जमिनीवरची पट्टी पायाला खरं सांगते.

पायरी ३ : माणसाला लागणारी जागा

नवशिक्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. खोली गच्च वाटते तेव्हा दोष बहुतेकदा सामानाच्या संख्येत नसतो; सामानाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्या चुकलेल्या असतात.

येण्याजाण्याच्या मुख्य वाटेला ९० सेंटिमीटर ठेवा. क्वचित वापराच्या फटीला ६० चालतात. सोफा आणि समोरचं टेबल यांत ४० ते ४५ : हात पोचतो आणि गुडघे आपटत नाहीत. पलंगाच्या बाजूला निदान ६०, चादर सहज घालता यावी असं वाटत असेल तर ७५. जेवणाच्या टेबलाशी प्रत्येकाला ६० सेंटिमीटर रुंदी हवी. टेबलाची कड आणि भिंत यांत ९० असले की खुर्ची मागे घेऊन उठता येतं. बसलेल्याच्या मागून कुणी जाणार असेल तर ११० धरा. बसायची उंची ४५ आणि टेबल ७५ च्या आसपास, म्हणजे दोन्हींमध्ये सुमारे ३० चं अंतर. खुर्च्या आणि टेबल वेगवेगळ्या ठिकाणांहून घेताना हे अंतर हमखास बिघडतं, म्हणून टेप बरोबर असू द्या.

घरात चाकाची खुर्ची वापरणारं कुणी असेल, किंवा पुढे म्हातारपणी याच घरात राहायचं असेल, तर दाराची मोकळी रुंदी ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा ठेवा. दारं आणि बाथरूम नंतर मोठी करणं फार त्रासाचं असतं, म्हणून हा विचार तरुणपणीच केलेला बरा.

स्वयंपाकघराला वेगळा न्याय आहे, कारण तिथे माणूस बसत नाही, सतत फिरतो. याचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी केला त्यांतलं एक मोठं नाव मार्गारेट श्यूट-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंचं. १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी त्यांनी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. प्रत्येक कामाला किती पावलं आणि किती वेळ लागतो हे मोजून, आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातली चिमुकली स्वयंपाकघरं डोळ्यांसमोर ठेवून. कोरड्या जिनसांसाठी नावं लिहिलेले ओढायचे डबे, खिडकीशी बसून काम करायला फिरतं स्टूल, छतावरच्या रुळावर हवा तिथे सरकवता येणारा दिवा. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. त्यावर पुढे टीकाही झाली, आणि ती मला पटते : तिथे एकाच माणसाला काम करता येतं, मदतीला दुसरं कुणी शिरू शकत नाही. तुमच्या घरात दोघं मिळून स्वयंपाक करत असाल तर समोरासमोरच्या ओट्यांत १२० सेंटिमीटर ठेवा.

फ्रिज, सिंक आणि शेगडी या तीन ठिकाणांना जोडणारा त्रिकोण काढायची रीत १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून आली. तिन्ही बाजूंची बेरीज ४ ते ८ मीटरच्या आत, आणि एकेक बाजू १.२ ते २.७ मीटर. एका भिंतीच्या स्वयंपाकघरात त्रिकोण होत नाही, तिथे धुणं, चिरणं, शिजवणं हा क्रम सरळ रेषेत ठेवा आणि सिंक व शेगडी यांच्यामध्ये कामाला पुरेसा मोकळा ओटा राहू द्या. ओट्याची उंची साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर असते, पण छापील आकडा घेऊ नका. जी व्यक्ती सगळ्यात जास्त स्वयंपाक करते तिला उभं करा, कोपरातून हात वाकवायला सांगा, कोपराची उंची मोजा आणि त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करा. ओटा त्या उंचीचा झाला की पाठीची तक्रार पुष्कळ कमी होते.

पायरी ४ : दिवे आणि सॉकेट

छताच्या मधोमध एक झगझगीत दिवा लावला की खोली उजळते, आणि तिच्यातला सगळा जीव जातो. सगळीकडे सारखाच उजेड, चेहऱ्यावर वरून पडणारी सावली, आणि ओट्यावर काम करताना स्वतःचीच सावली हातांवर. याऐवजी उजेडाचे तीन थर करा. एक, खोलीभर पसरणारा मंद उजेड. तो भिंतीवर किंवा छतावर आपटून परत येणारा असेल तर उत्तम. दोन, कामाचा उजेड : वाचायच्या खुर्चीमागे, ओट्याच्या वरच्या कपाटाखाली, आरशाच्या दोन्ही बाजूंना. तीन, एखाद्या चित्रावर, झाडावर किंवा पुस्तकांवर पडणारा छोटा उजेड. तिन्हींची बटणं वेगळी ठेवा. हा एक निर्णय घर जितकं बदलतो तितकं महागडं फर्निचर बदलत नाही.

बल्बच्या खोक्यावर चार गोष्टी वाचा. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. वॅट म्हणजे फक्त वीज किती खर्च होणार. केल्व्हिन म्हणजे उजेडाची छटा : २७०० केल्व्हिन पिवळसर आणि ऊबदार, ४००० पांढरा, ६५०० निळसर. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३०००, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० पर्यंत. एकाच खोलीत दिसतील असे दोन छटांचे दिवे लावू नका, त्याने भिंती मळक्या वाटतात. चौथी गोष्ट सीआरआय : हा आकडा १०० च्या जितका जवळ तितके रंग खरे दिसतात. घरासाठी ९० किंवा वर शोधा. ८० च्या बल्बखाली त्वचा आणि लाकूड दोन्ही निस्तेज दिसतात, आणि आपण उगाच रंगाला दोष देतो.

जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिवा टेबलापासून ७५ ते ९० सेंटिमीटर वर हवा. त्याहून खाली आला तर समोरच्याचं तोंड दिसत नाही, खूप वर गेला तर बल्ब डोळ्यांत येतो.

सॉकेट कुठे हवेत हे फर्निचरच्या कागदी नकाशावरून ठरवा, आणि हे काम भिंतीचा गिलावा होण्याआधीच उरका. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, ओट्यावर वाटतात त्याहून जास्त, राउटरसाठी एक, झाडू-मशीनसाठी खोलीबाहेरच्या वाटेत एक. दिव्याचं बटण पलंगावर झोपून हाताला लागेल असं एक असू द्या. भिंत बंद करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, आतल्या वायरी आणि पाइप दिसतील असे फोटो काढा, शेजारी टेप धरून.

भाड्याच्या घरात वायरी बदलता येत नाहीत, पण दोन-तीन उभे दिवे आणि चांगले बल्ब नक्की घेता येतात. भाडेकरूने पैसे घालवायचेच असतील तर ते इथे घालवावेत. घर सोडताना सगळं बरोबर नेता येतं.

पायरी ५ : रंग

मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या राजेशाही विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका निघतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी लोकर आणि रंग तपासले. रंग चांगला होता. काळा फिका दिसत होता तो शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे. शेजारशेजारचे रंग एकमेकांना बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला. भिंतीचा रंग निवडताना हीच गोष्ट रोज आडवी येते. दुकानातल्या शेडकार्डवर तो रंग दुसऱ्या पन्नास रंगांच्या गर्दीत असतो. घरातल्या जुन्या हिरव्या भिंतीवर त्याचा हातभर पट्टा मारला तर शेजारच्या हिरव्यामुळे तो वेगळाच दिसतो.

म्हणून नमुना असा बघा. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर, निदान ५० बाय ५० सेंटिमीटर, दोन हात रंग लावा आणि कडेला पांढरी पट्टी सोडा. पूर्ण वाळल्यावर तो पुठ्ठा खिडकीजवळ, खिडकीसमोर आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उभा करा. सकाळी, दुपारी आणि रात्री तुमच्याच दिव्यांखाली बघा. दिवे आधी ठरवले ते यासाठीच. दोन रंग दिवसा तंतोतंत जुळतात आणि रात्री बल्बखाली वेगळे होतात. पडदा आणि भिंत जुळवताना हे फार घडतं.

छटा निवडताना मनात आहे त्याहून एक पायरी फिकी किंवा जास्त करडी घ्या. चारही भिंतींना तोच रंग लागला की भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि तो पुठ्ठ्यावरच्यापेक्षा गडद होतो. पिवळ्या आणि गुलाबी छटांत हे सगळ्यात जास्त जाणवतं.

अनेक रंगांच्या माहितीपत्रकात एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० ते १००. भिंत किती उजेड परत फेकते ते त्यावरून कळतं. उजेड कमी असलेल्या खोलीत ७० च्या पुढचे रंग मदत करतात. पण जिथे दिवसाचा उजेड जवळजवळ येतच नाही अशी खोली पांढरी केली की ती करडी आणि उदास दिसते. तिथे मी गडद, ऊबदार रंग आणि चांगले दिवे यांच्या बाजूने आहे. छोटी खोली पांढरीच हवी हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

किती रंग घ्यायचे? साठ-तीस-दहा हे प्रमाण सुरुवातीला आधार देतं : साठ टक्के एक मुख्य रंग, बहुतेक भिंती आणि जमीन, तीस टक्के दुसरा, मोठं फर्निचर आणि पडदे, दहा टक्के उठावाचा, उशा, चित्रं, एखादी खुर्ची. जमिनीचा रंगही यात धरायचा असतो, तो लोक विसरतात. लालसर फरशी असेल तर ती आधीच तुमच्या साठ टक्क्यांत बसलेली आहे.

खडबडीत भिंतीला मॅट, कारण चमक प्रत्येक उंचवटा दाखवते. स्वयंपाकघर आणि मुलांची खोली यांना धुता येईल असा हलक्या चमकीचा. एका खोलीला लागणारे सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून मग वापरायला घ्या, म्हणजे डब्याडब्यातला सूक्ष्म फरक भिंतीवर उतरत नाही. वास येणं थांबेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा आणि त्या खोलीत झोपू नका.

पायरी ६ : फरशी, लाकूड, कापड

फरशी दहा टक्के जास्त मागवा आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना बघा; उरलेल्या फरशा जपून ठेवा. बाथरूमसाठी घसरण्याचं मानांकन विचारा. ते आर ९ ते आर १३ असं असतं, ओल्या जागी आर १० किंवा वर.

भरीव लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, तेही रुंदीत. त्याचा हा स्वभावच आहे. प्लायवूड त्यामानाने स्थिर आणि स्क्रू धरून ठेवणारं. एमडीएफला, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाला, रंग गुळगुळीत बसतो, पण त्याच्या कडेत पाणी शिरलं की ते फुगतं आणि परत बसत नाही, म्हणून सिंकखाली नको. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे दाबून केलेल्या बोर्डाचं, कपाट खोलून पुन्हा जोडलं की स्क्रू सैल होतात. सारखी घरं बदलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कोणताही बोर्ड घेताना फॉर्माल्डिहाइडचं, म्हणजे बोर्डाच्या गोंदातून हवेत सुटणाऱ्या अपायकारक वायूचं, प्रमाण विचारा; ते ई १ या प्रतीचं किंवा त्याहून कमी असावं.

सोफ्याच्या कापडाला मार्टिनडेल नावाची घासण्याची चाचणी असते. कापड किती वेळा घासलं तरी टिकतं ते तिच्या आकड्यावरून कळतं. रोजच्या वापराला २५,००० च्या आसपासचा आकडा पुरतो.

पायरी ७ : कामाचा क्रम आणि कारागीर

तोडफोड, मग भिंतीतले पाइप आणि वायरी, मग गिलावा, छत, फरशी, सुतारकाम, रंग, शेवटी दिवे-नळ-बटणं बसवणं. फरशी झाली की ती लगेच पुठ्ठ्याने झाका. रंगाचा पहिला हात सुतारकाम बसवण्याआधी आणि शेवटचा त्यानंतर, हे रंगारी आणि सुतार दोघांनाही सुरुवातीलाच सांगा, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

कोणतीही भिंत तोडण्यापूर्वी ती भार पेलणारी आहे का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच समजून घ्या. इथे अनुभवी गवंड्याचा अंदाजसुद्धा पुरेसा धरू नये. स्वतःची इमारत असो वा सोसायटी, वरच्या मजल्यावरच्यांचा जीव त्यात आहे.

काम देताना लेखी यादी करा : कोणतं साहित्य, किती जाडी, कोणती कंपनी, किती दिवस, पैसे कोणत्या टप्प्याला. ‘चांगलं लावू’ याचा अर्थ दोघांच्या मनात दोन असतात. एकूण खर्चाच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा, कारण जुनी फरशी उचलल्यावर खाली काय निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. आणि कारागिरांना विचारत जा. सुताराला त्याच्या हातातल्या कामाबद्दल जे माहीत असतं ते कुठल्याच नकाशात नसतं. बिजागरी कुठे ओढली जाईल, खण कुठे वाकेल, हे तो आधी सांगतो, विचारलं तर.

पायरी ८ : आता खरेदी, तीही सावकाश

आधी पलंगाची गादी, नंतर बसायची एक चांगली जागा, मग टेबल. बाकी सगळं घरात राहायला आल्यावर. एकदम सगळा संच घेतला की खोली दुकानातल्या मांडणीसारखी दिसते आणि तुमच्या सवयी त्यात बसत नाहीत.

खुर्चीत बसल्याशिवाय खुर्ची घेऊ नका. पाठ टेकली असताना पाय जमिनीला लागायला हवेत, आणि गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटांची जागा राहायला हवी. खोल सोफा उंच माणसाला आराम देतो आणि ठेंगण्या माणसाला त्यातून उठता येत नाही. घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून बघा. उंच कपाटं आणि खणांच्या मांडण्या भिंतीला पट्टीने बांधा. लहान मुलं ओढलेल्या खणांवर चढतात आणि कपाट अंगावर येतं. मुलं घरात नसली तरी बांधाच, पाहुण्यांची येतात.

पायरी ९ : पडदे, गालिचा, चित्रं

पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीबाहेर दोन्हीकडे १५ ते २० सेंटिमीटर जाऊ द्या आणि जमेल तेवढा वर बसवा. पडदे उघडल्यावर ते भिंतीवर गोळा होतात आणि काच पूर्ण मोकळी राहते. कापड दांड्याच्या लांबीच्या दुप्पट घ्या, निदान दीडपट. त्याहून कमी घेतलं तर चुण्या पडत नाहीत. लांबी जमिनीला जेमतेम टेकेल इतकी. सुती कापड असेल तर शिवण्यापूर्वी एकदा धुऊन घ्या.

गालिचा घेताना बहुतेकांची चूक एकच : तो छोटा पडतो. सोफा आणि खुर्च्यांचे निदान पुढचे पाय त्यावर यायला हवेत. जेवणाच्या टेबलाखाली असेल तर टेबलाच्या चारी बाजूंनी ६० सेंटिमीटर बाहेर हवा, नाहीतर खुर्ची मागे घेताना तिचे मागचे पाय कडेला अडकतात. टेपने मापून वर्तमानपत्रं पसरा, मगच दुकानात जा.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. उभ्या माणसाच्या नजरेला तो बरोबर पडतो. सोफ्यावर चित्र लावायचं असेल तर त्याची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, आणि खालची कड पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर. अनेक चित्रं असतील तर त्यांच्या मापाचे कागद कापून भिंतीवर कमी चिकटणाऱ्या पट्टीने लावा, दोन-चार दिवस बघा, हलवा, आणि कागदावरूनच खिळ्याची खूण करा. सरळ पुढून ऊन पडणाऱ्या भिंतीवर जलरंगातली चित्रं किंवा जुने फोटो लावू नका, त्यांचे रंग उडतात. आरसा मात्र खिडकीसमोर किंवा तिच्या काटकोनात लावा. लावण्यापूर्वी त्यात काय दिसणार ते बघा. दार उघडं असताना बाथरूम दिसत असेल तर दुसरी जागा शोधा.

भिंतीला भोक पाडण्याआधी गिलाव्यापूर्वी काढलेले फोटो काढून बघा. फोटो नसतील तर बटणं आणि सॉकेट यांच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लास्टिकचा गट्टू बसवून स्क्रू, आणि जिप्समच्या पातळ भिंतीला पोकळीत पसरणारा खास अँकर. जड आरसा असेल तर दोन ठिकाणी.